व्हिसाआधी रेल्वेची स्वस्त तिकिटं काढावीत का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. मुलांच्या सुट्टीत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, त्या कुटुंबासह पहिल्यांदाच युरोपला निघाल्या आहेत. बरोबर नवरा, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. ग्रुप टूर नको, आपलं आपण फिरायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. पॅरिस, मग इंटरलाकेन, तिथून मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. रोमहून मुंबईला परत. सगळा प्रवास रेल्वेनं. लंडनला राहणारा मावसदीर रोज सांगतोय, "आत्ताच्या आत्ता तिकिटं काढा, नंतर तिप्पट होतील." नवराही त्याच मताचा आहे. पण ही स्वस्त तिकिटं रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, व्हिसाची अपॉइंटमेंट थेट मार्चमध्ये आहे आणि विमानाची तिकिटंही अजून काढलेली नाहीत. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, युरेल पास (अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा एकच पास) घे आणि निवांत हो. काही गाड्या तर साइटवर दिसतच नाहीत, त्या भरल्या असतील या विचारानं त्यांची झोप उडाली आहे. त्या लिहितात, "लवकर घेतली नाहीत तर आम्ही मूर्ख ठरू, आणि घेऊन व्हिसा नाही आला तर मी एकटी मूर्ख ठरेन. काय करू?"

सल्ला:

ताई,

आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट घेऊ. साइटवर न दिसणारी गाडी बहुतेक वेळा भरलेली नसते. तिची विक्रीच सुरू झालेली नसते. युरोपात प्रत्येक रेल्वे कंपनी आपापल्या सोयीनं विक्री उघडते. कुणी तीन-चार महिने आधी, कुणी सहा महिने, कुणी त्याहूनही आधी. फ्रान्समध्ये तर ठरावीक तारखेला पुढच्या काही आठवड्यांची तिकिटं एकदम खुली होतात. त्यामुळे जानेवारीत बसून मेच्या अखेरची गाडी शोधली आणि पडदा रिकामा दिसला, तर घाबरू नका. शंका असेल तर पुढच्याच आठवड्यातली त्याच वाराची गाडी शोधून बघा. तुमच्याही गाडीची वेळ आणि दिवसातल्या फेऱ्या साधारण तशाच असतील.

ही घाई आपल्याला कुठून लागली, तेही समजून घेऊ या. गणपतीला कोकणात जायचं म्हणजे साठ दिवस आधी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं, आणि पाच मिनिटांत वेटिंग लिस्ट शंभरावर गेलेली बघायची, याची आपल्याला सवय आहे. तिथे तिकीट गेलं म्हणजे गाडीच गेली. तुमच्या मार्गावरच्या गाड्यांचं तसं नसतं. पॅरिसहून स्वित्झर्लंडला दिवसभरात अनेक गाड्या आहेत, मिलान ते व्हेनिस आणि फ्लॉरेन्स ते रोम तर थोड्या थोड्या वेळानं गाड्या सुटतात. संपतो तो स्वस्त भावाचा कोटा. गाडीत जागा असते, पण वरच्या भावानं. मावसदीरांचं म्हणणं खोटं नाही, आदल्या दिवशीचा भाव दोन-तीन पट असू शकतो. पण आज जानेवारी आहे. 'आत्ताच्या आत्ता' आणि 'आदल्या दिवशी' यांच्यामध्ये अजून चार महिने आहेत.

आता त्या स्वस्त तिकिटाकडे नीट बघू. पंधरा-वीस युरोत मिळणारं तिकीट आणि पन्नास युरोचं तिकीट यांत डबा तोच, गाडी तीच, बहुधा शेजारचं आसन. फरक एवढाच की स्वस्त तिकिटात तुम्ही कंपनीला लिहून देता: मी याच तारखेच्या याच गाडीनं जाईन, नाही गेले तर पैसे तुमचे. म्हणजे तुम्ही तुमची मोकळीक विकता आणि त्याबद्दल सूट घेता. हा सौदा मला आवडतो. फक्त जी मोकळीक नको आहे तीच विकावी. जिथे तारीख पक्की आहे तिथे जरूर विकावी. पण तुमच्याकडे आज एकही तारीख पक्की नाही. विमानाची तिकिटं नाहीत, व्हिसा नाही. मग पॅरिस सोडायचा दिवस १४ मे की १५ मे, हे आज कशावरून ठरवणार?

एक हिशेब करून दाखवते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा पॅरिस–बाझल (इंटरलाकेनच्या वाटेवरचं स्विस शहर) टप्प्याला पाचजणांचे आज मिळून २०० युरो होतात आणि सहा आठवड्यांनी तेच ३०० होतील. म्हणजे थांबण्याची किंमत १०० युरो, साधारण दहा हजार रुपये. आज घेतलं आणि बेत एका दिवसानं सरकला, तर २०० बुडाले, वर नव्यानं ३०० भरायचे, एकूण ५००. हे मांडून बघितलं की कळतं: तारीख सरकण्याची शक्यता तीनात एकीपेक्षा कमी असेल तर आज घेणं फायद्याचं, जास्त असेल तर थांबणं फायद्याचं. विमान आणि व्हिसा दोन्ही अधांतरी असताना तुमचा बेत सरकण्याची शक्यता तीनात एकीपेक्षा जास्त आहे, असं मला स्पष्ट वाटतं. हातात व्हिसा आणि विमानाचं तिकीट असेल त्या दिवशी ती जवळजवळ शून्यावर येईल. त्या संध्याकाळी स्वस्तातलं स्वस्त, परत न मिळणारं तिकीट निर्धास्त घ्या. हा कागद नवऱ्यासमोर ठेवा. वाद 'घाई की भीती' असा चालला आहे तोवर कुणीच हटणार नाही. आकड्यांवर बोलणं सुरू झालं की दोघं एका बाजूला येता.

माझा खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. व्हिसाची अपॉइंटमेंट मार्चमध्ये का? शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या प्रवासासाठी तुम्ही आजही अर्ज करू शकता. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेले असतात, पण काही प्रकरणांत ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची अर्धी जनता सुट्टीसाठी अर्ज करत असते. म्हणून मार्चच्या जागी फेब्रुवारीची, जमल्यास याच महिन्याची तारीख मिळते का ते आधी बघा. तिकिटं पुढे ढकलण्यापेक्षा व्हिसा अलीकडे ओढला तर तुमचा निम्मा पेच सुटतो. अर्ज करताना दोन गोष्टी बघा. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. तुमच्या बेतात तो इटली आहे, पहिलं पाऊल पॅरिसला पडत असलं तरी. दुसरं, सासूबाईंचा पासपोर्ट: तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि युरोप सोडल्यानंतर किमान तीन महिने चालू असायला हवा. अर्जाला प्रवासाचा आराखडा जोडावा लागतो, पण त्यासाठी परत न मिळणारी रेल्वे तिकिटं विकत घ्यायची गरज नाही. कोणती गाडी कोणत्या दिवशी धरणार, हे लिहिलेलं पुरतं. विमानाचंही रद्द करता येणारं आरक्षण चालतं.

आता तुमचा मार्ग. सगळ्या टप्प्यांना एकच नियम लावू नका, कारण प्रत्येक देशाचा रेल्वेचा स्वभाव वेगळा आहे.

पॅरिस ते इंटरलाकेन म्हणजे पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून टीजीव्ही लिरिया या वेगवान गाडीनं सुमारे तीन तासांत बाझल, आणि तिथून स्विस गाडीनं साधारण दोन तास. आगाऊ तिकिटाचा खरा फायदा पहिल्या तुकड्यात आहे, कारण तिथले भाव विमानासारखे चढतात. फ्रान्समध्ये मे महिना सुट्ट्यांचा असतो: १ मे, ८ मे, असेन्शनचा गुरुवार, व्हिटसनचा सोमवार. मधला एखादा दिवस रजा टाकून लोक चार दिवस बाहेर पडतात आणि गाड्यांचे भाव उड्या मारतात. तुम्ही निघायचा दिवस मंगळवार-बुधवार दुपारचा ठेवलात तर महिनाभर उशिरा घेऊनही स्वस्त पडेल. शुक्रवारी संध्याकाळचा ठेवलात तर आज घेऊनही महाग पडेल. वार बदलण्यातली बचत लोक विसरतात, कारण सगळं लक्ष 'किती आधी' याच्याकडे असतं. आणखी एक, या गाड्या दुमजली असतात. सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची आसनं निवडा. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो, आणि ते स्टेशन मोठं आहे. हमाल नसतो, बॅगा आपल्यालाच उचलाव्या लागतात. अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

स्वित्झर्लंडच्या आत घाई करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. तिथल्या रोजच्या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, गर्दी वाढली म्हणून ते चढत नाही. आरक्षण लागत नाही. स्टेशनवर जायचं आणि येईल त्या गाडीत बसायचं. सवलतीची आगाऊ तिकिटं तिथेही मिळतात, पण डोंगरावर जायचं असेल तर तारीख बांधून घेणं मला पटत नाही. युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटरवरचं युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. तिथे ढग असले तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, आणि पाचजणांचं तिकीट तर खासं महाग. इंटरलाकेनला तीन-चार दिवस आहात ना? रोज सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा, ज्या दिवशी आकाश उघडं दिसेल त्या दिवशी निघा. इथली मोकळीक विकू नका. स्विस हाफ फेअर कार्ड घेतलंत तर महिनाभर बहुतेक गाड्या, बोटी आणि डोंगरावरच्या गाड्या अर्ध्या दरात मिळतात, युंगफ्राउयोखसुद्धा. स्विस ट्रॅव्हल पासवर साध्या गाड्या फुकट, पण युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर सूट फक्त पाव. रोज लांब फिरणार असाल तर पास, एका ठिकाणी मुक्काम करून एखादा मोठा डोंगर करणार असाल तर बहुधा कार्ड. दोन्हींबरोबर मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मोफत मिळतं आणि सोळा वर्षांखालची मुलं आईबाबांबरोबर फुकट फिरतात. तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात. ते मागून घ्यावं लागतं, विसरू नका.

इंटरलाकेन ते मिलान जाताना स्पिएत्सला गाडी बदलायची, तिथून मिलानला थेट युरोसिटी गाडी असते. सीमा ओलांडणाऱ्या या गाडीत आसन आरक्षण सक्तीचं आहे. हे तिकीट पॅरिसच्या तिकिटाबरोबरच काढून टाका. घेण्याआधी एवढं बघा की त्या दिवशी वाटेत रुळांचं काम नाही ना. आल्प्समधल्या मार्गांवर उन्हाळ्यात अशी कामं निघतात आणि मध्ये बस धरावी लागते. सासूबाई आणि बॅगा घेऊन ते जड जाईल.

इटलीत मात्र तुम्हाला खरी मजा आहे. तिथे त्रेनितालिया या सरकारी कंपनीच्या फ्रेच्चारोसा आणि खासगी इतालो, दोन्ही वेगवान गाड्या एकाच मार्गावर धावतात. इतालो २०१२ साली सुरू झाली आणि तेव्हापासून या स्पर्धेचा फायदा प्रवाशांना होतोय. मिलान–व्हेनिस अडीच तासांच्या आत, व्हेनिस–फ्लॉरेन्स सव्वादोन तास, फ्लॉरेन्स–रोम दीड तास. त्रेनितालियात सुपर इकॉनॉमी, इकॉनॉमी आणि बेस असे भाव असतात. सुपर इकॉनॉमीत मोकळीक सर्वांत कमी आणि परतावा नाही. इकॉनॉमीत परतावा नाही पण बदलाला थोडी वाट असते. बेस गाडी सुटण्याआधी हवं तितक्यांदा बदलता येतं आणि रद्द केलं तर काही रक्कम कापून बाकी परत मिळते. दोन्ही कंपन्यांचे भाव शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि मुलांसाठी काही योजना चालू आहे का तेही. मिलान–व्हेनिस आणि व्हेनिस–फ्लॉरेन्स स्वस्तातली घ्यायला हरकत नाही, हॉटेलं ठरली की तारखा हलत नाहीत. व्हेनिसला बेटावर राहणार असाल तर तिकीट सांता लुचियापर्यंतचं घ्या. मेस्त्रे हे अलीकडे मुख्य भूमीवरचं स्टेशन आहे. फ्लॉरेन्सहून पिसाला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर ते तिकीट आगाऊ घेऊच नका. ती प्रादेशिक गाडी, भाडं ठरलेलं, महिनाभर आधी घ्या की पाच मिनिटं आधी. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छाप मारून घ्यायला हवी, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

युरेल पासबद्दल तुमच्या मैत्रिणीचा सल्ला चांगल्या मनानं दिलेला आहे, पण तुमच्या मार्गाला तो बसत नाही. तुमचे मोठे प्रवास पाचच आहेत, आणि फ्रान्स-इटलीतल्या वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे वेगळे पैसे भरून आरक्षण करावं लागतं. फ्रान्समध्ये पासवाल्यांचा कोटाही मर्यादित असतो. म्हणजे पासचे पैसे देऊनही 'येईल त्या गाडीत बसू' हे सुख मिळत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रोज नवं गाव करत हिंडणाऱ्याला पास छान.

जर्मनीचं नाव निघालंच आहे, तर तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना भेटायला जाणारे पुष्कळ आईवडील हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी थोडं. डॉइचे बान या जर्मन रेल्वेत 'सुपर श्पारप्राइस' सर्वांत स्वस्त आणि रद्द न होणारं, 'श्पारप्राइस' रद्द केलं तर काही रक्कम कापून उरलेली व्हाउचरच्या रूपात मिळते, 'फ्लेक्सप्राइस'वर त्या दिवसाची कुठलीही गाडी चालते. पहिल्या दोन्हींत गाडी बांधलेली असते. उशिरामुळे मुक्कामी वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी धरता येते. नातवंडं बरोबर असतील तर पंधरा वर्षांखालची फुकट, मात्र सहा वर्षांपुढच्या मुलांची संख्या तिकीट काढतानाच लिहावी लागते. आणि मुलाकडे डॉइचलांड-टिकेट हा महिन्याचा पास असला तरी तो प्रादेशिक गाड्यांचा; आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही. त्याच्याबरोबर आयसीईनं जायचं असेल तर त्याचंही तिकीट काढा.

पैसे भरताना अडचण येते ती बहुधा कार्डाची. आपल्याकडे कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून ठेवा. रुपयात भरू का असं साइटनं विचारलं तर नाही म्हणा, युरोतच भरा. तो रुपयाचा दर बहुधा महाग असतो. शक्यतो त्या त्या रेल्वेच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. मधल्या साइट सोप्या असतात, पण अनेकदा वर शुल्क लावतात आणि बदल करायचा झाला की दोघांत तुमची फरफट होते. नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा.

तारखा पक्क्या झाल्यावरही एक टप्पा असा आहे जिथे मी सर्वांत स्वस्त तिकीट घेणार नाही: फ्लॉरेन्स ते रोम, कारण पुढे मुंबईचं विमान आहे. रोमला किमान एक रात्र आधी पोचा आणि या एका प्रवासाला बदलता येणारं तिकीट घ्या. सासूबाईंना बरं नसलं किंवा मुलाचा ताप चढला तर दुपारची गाडी संध्याकाळची करता येईल, आणि पाचजणांसाठीचे ते थोडे जास्तीचे पैसे सत्कारणी लागतील.

गाडी बदलायची असेल तिथे, म्हणजे बाझल आणि स्पिएत्सला, दोन्ही तुकडे शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या गाडीला उशीर होऊन पुढची चुकली तर मग पुढे पोचवण्याची जबाबदारी रेल्वेची राहते. तुकडे वेगवेगळे घेतले, उदाहरणार्थ बाझलपुढे हाफ फेअर कार्डावर, तरी बिघडत नाही, कारण स्विस बाजूच्या साध्या तिकिटाला गाडी बांधलेली नसते. मिलानकडे जाताना मात्र स्पिएत्सला निदान अर्ध्या तासाची फट ठेवा. आणि युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मुक्कामी एक तास किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याचा पाव भाग, दोन तास किंवा जास्त झाला तर निम्मा भाग मागता येतो, तिकीट सवलतीचं असलं तरी. तिकिटं फोनमध्ये जपून ठेवा, उशीर दाखवणाऱ्या फलकाचा फोटो काढा. हा अर्ज ठाण्याला परतल्यावरही करता येतो.